कुकरचं वायसर मिळतं, मग कॉफी मशीनचं का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ई-कचऱ्याची गाडी कुठल्या पंचायतीत कधी येणार याच्या बातम्या तुमच्या पेपरात अधूनमधून येतात, ते चांगलंच आहे, पण त्या गाडीत नेमकं काय काय जातं यावर कुणी लिहीत नाही म्हणून म्हटलं आपणच लिहावं. मागच्या चार-पाच वर्षांत आपल्या गोव्यात घरोघरी एस्प्रेसो मशिनं आलीत. लॉकडाऊनमध्ये कॅफे बंद होते तेव्हा बऱ्याच जणांनी ऑनलाइन मागवली, मग घरून काम करणारी पोरं आसगाव-हणजुण्याकडे राहायला आली त्यांच्यामुळे वाढली, आणि आता तर फोंड्यात आमच्या कॉलनीतसुद्धा सकाळी चहाच्या वासाबरोबर कॉफीच्या पंपाचा घूंऽऽ आवाज येतो. यातली कितीतरी मशिनं थोड्या काळानं "गळतं" या एका कारणासाठी माळ्यावर जातात, नाहीतर कुणाच्यातरी गळ्यात मारली जातात, नाहीतर सरळ त्या गाडीत. आत पंप चांगला, हीटर चांगला, बॉयलर चांगला. गेलेलं असतं ते पुढच्या तोंडाशी बसवलेलं रबराचं एक कडं. वायसर म्हणा, गॅस्केट म्हणा, सील म्हणा, जे म्हटल्यावर दुकानदार काढून देईल ते म्हणा. तो काढून देत नाही हीच माझी तक्रार आहे.

हे मी कोण सांगणार, तर मी कुंडईच्या एका कारखान्यात मेंटेनन्स स्टोअरला होते, रिटायर होईपर्यंत. ओ-रिंग, ऑइल सील, ग्लँड पॅकिंग, गॅस्केट शीट हे इश्यू करायचं, संपत आलं की इंडेंट टाकायचं, हेच काम. मी स्वतः चहावालीच आहे, कॉफीचं वेड मुलाचं, पण मशीन त्याचं असलं तरी पाना माझ्या हातात असतो. आता शेजारपाजारचे लोक पण "काकी, जरा बघा ना" म्हणून आपापली मशिनं आणून ठेवतात, आमच्या डायनिंग टेबलावर जेवायला जागा उरत नाही अशी परिस्थिती.

तर पहिली गोष्ट. कुकरची शिटी होईनाशी झाली, बाजूनं फुसफुस वाफ जायला लागली, तर कुठल्या घरात कुकर फेकून देतात सांगा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, फोंड्याच्या मार्केटात, मडगावात, कुठंही जा, कंपनी आणि लिटर सांगा, दुकानदार वर लटकवलेल्या रिंगांतली एक ओढून हातात देतो. रिंग बदलायची असते हे कुणाला शिकवावं लागत नाही. कुकरमध्ये दाब किती, तर बाहेरच्या हवेपेक्षा साधारण 1 बार जास्त. एस्प्रेसो मशीनमध्ये कॉफीवर 9 बारच्या आसपास दाब येतो आणि पाणी असतं नव्वद ते पंच्याण्णव डिग्री. (खोक्यावर मोठ्या अक्षरात 15 बार छापलेलं असतं ती पंपाची कमाल ताकद झाली, कॉफीला तेवढ्याची गरज नसते, चांगल्या मशीनमध्ये जास्तीचा दाब सोडायला वेगळा व्हॉल्व्हच दिलेला असतो.) म्हणजे कुकरच्या रिंगेपेक्षा कॉफीच्या वायसरला कितीतरी जास्त सोसावं लागतं, ते पण रोज, आणि तरी मशीन विकताना "हे रबर वर्षा-दीड वर्षानं बदलायचं बरं का" असं कुणी एका शब्दानं सांगत नाही. डेमो द्यायला आलेला पोरगा दुधावर पानाची नक्षी काढून दाखवतो. नक्षीचं काय करायचंय, आधी ते वायसर कुठं असतं ते दाखव की.

ते असतं कुठं तर सांगते. हँडलवाला जो भाग आपण कॉफी भरून मशीनला अडकवतो तो पोर्टाफिल्टर, आणि तो जिथं अडकतो ते मशीनचं तोंड म्हणजे ग्रुप. ग्रुपच्या आत वरच्या बाजूला गोल खाच असते, त्यात हे वायसर घट्ट बसवलेलं असतं. हँडल डावीकडून घालून आपण समोर फिरवतो तेव्हा आतल्या बास्केटची कड या वायसरवर दाबली जाते आणि तिथं पाणी अडतं. नवीन असताना रबर मऊ असतं, थोड्या दाबानं काम होतं. मग रोजची उष्णता, रोजचं दाबणं, कॉफीचं तेल, यानं ते हळूहळू कडक होत जातं, आणि कडक रबर दाबलं तरी परत फुगून येत नाही.

ओळखायचं कसं. मशीनसमोर उभं राहा. नवीन वायसरवर हँडल सरळ आपल्या पोटाकडे येण्याच्या थोडं आधीच अडतं, डावीकडेच. महिने जातात तसं ते मध्यावर येतं, मग मध्य ओलांडून उजवीकडे जायला लागतं, आणि आपण रोज थोडा जास्त जोर लावत असल्यामुळे आपल्याला ते कळतही नाही. ज्या घरात हँडल फिरवायला मशीन दुसऱ्या हातानं धरून ठेवावं लागतं तिथलं वायसर गेलंय असं मी न बघता सांगते. नंतर मग कडेनं पाणी येतं. आधी एखादा थेंब, मग बारीक तपकिरी ओघळ हँडलच्या दांड्यावरनं, कपात कॉफी अर्धी आणि ट्रेमध्ये अर्धी.

पण थांबा, कडेनं पाणी आलं म्हणजे दरवेळी वायसरच असं नाही, इथंच लोक नको तो खर्च करतात. बास्केटच्या कडेवर कॉफीचे दाणे राहिलेत का ते आधी बघा, एका बोटानं कड पुसली की अर्ध्या तक्रारी मिटतात. कॉफी फार बारीक दळली असेल किंवा बास्केट शिगोशीग भरून दाबलं असेल तरी पाण्याला खाली जायला वाट मिळत नाही आणि ते कडेनं निघतं. स्वस्तातल्या मशिनांत दुहेरी तळाचं बास्केट येतं, त्याला खाली एकच सुईएवढं भोक असतं, ते बुजलं की पण हेच होतं, बारीक तार नाहीतर सुई घालून मोकळं करा. बास्केट कधी पडून त्याची कड दबली असेल तर नवीन वायसर घालून पण गळणारच. हे सगळं बघून झालं आणि तरी हँडल उजवीकडे पळतंय आणि पाणी येतंय तर मग वायसर.

आता बदलायचं. मशीनची पिन काढून ठेवा, नुसतं बटण बंद नको, आणि पूर्ण गार होऊ द्या. ज्या मशीनला वाफेचा बॉयलर असतो त्याचा वाफेचा कॉक उघडून आतला दाब जाऊ द्या. मग ग्रुपमध्ये खालून जी जाळी दिसते, शॉवर स्क्रीन, तिचा मधला स्क्रू काढा, जाळी खाली येईल. काही मशिनांत स्क्रू नसतो, जाळी आणि वायसर एकमेकांत अडकवलेली असतात, ती दोन्ही एकदम निघतात. सिलिकॉनचं वायसर असेल तर नखानं ओढलं तरी येतं. जुनं काळं रबर असेल तर ती झटापट असते. आम्ही दाभण वापरतो, चामडं शिवायचं असतं ना तेच, ते रबरात तिरकं खुपसून हळू खाली ओढायचं. अगदीच हट्ट धरला तर एक बारीक स्क्रू रबरात अर्धा फिरवायचा आणि पकडीनं स्क्रू धरून ओढायचं. फक्त पितळेच्या खाचेला ओरखडा पडता कामा नये, कारण मग तिथूनच पाणी वाट काढतं आणि त्याला औषध नाही.

शेजारच्या मुलाचं मशीन उघडलं तेव्हाचं वायसर मी डबीत ठेवलंय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला. एका अंगाला बास्केटच्या कडेचा खोल चर पडलाय, एवढा की नख बसतं. बाहेरच्या कडेला बारीक भेगा. वाकवायला गेले तर वाकलं नाही, कटकन मोडलं, आणि बोटांना काळी भुकटी लागली. त्या मुलाला म्हटलं, "बाबा, ही भुकटी तू कॉफीतनं पीत होतास." तेव्हापासून त्याच्या मशीनची जाळी दर आठवड्याला निघते.

जुनं काढल्यावर खाच साफ करा, हे लोक गाळतात. चिकटलेले रबराचे तुकडे, कॉफीचा काळा थर, सगळं जुन्या टूथब्रशनं आणि लाकडी काडीनं काढायचं, लोखंडी काही घालायचं नाही. खाचेत जरा जरी कचरा राहिला तर नवीन वायसर वाकडं बसतं. नवीन घालताना बाजू बघा. ई-61 प्रकारच्या ग्रुपचं (हा कुठला ते पुढे सांगते) जे वायसर असतं त्याची एक कड तिरकी कापलेली असते, ती वर, म्हणजे मशीनकडे जाते. बोटांनी जमेल तेवढं वर सारायचं, मग हँडलमधलं बास्केट काढून रिकामं हँडलच अडकवून थोडं थोडं फिरवायचं, त्यानं ते सगळीकडून सारखं वर बसतं. मग जाळी, स्क्रू, झालं. नवीन असताना हँडल जड जातं, पहिले काही दिवस ते मध्यापर्यंत येणारच नाही, ओढून आणू नका.

आणि आता मापाचं. ई-61 हा ग्रुप इटलीच्या फाएमा कंपनीनं 1961 साली आणला, त्या वर्षी तिकडे खग्रास सूर्यग्रहण होतं त्यावरनं नाव. त्याचं वायसर बाहेरून 73, आतून 57 आणि जाडीला 8 मिलिमीटर. साठ वर्षं होऊन गेली, कंपन्या आल्या आणि गेल्या, पण अजूनही कितीतरी वेगवेगळ्या ब्रँडची मशिनं त्याच ग्रुपवर चालतात आणि त्यांना हेच वायसर लागतं. घासून घासून जुन्या झालेल्या ग्रुपसाठी साडेआठ मिलिमीटरचं जाड पण मिळतं. याला म्हणतात स्टँडर्ड. याउलट आजकालच्या घरगुती मशिनांत कुणाचं बास्केट 51 मिलिमीटरचं, कुणाचं 54, कुणाचं 58, आणि वायसर प्रत्येकाचं निराळं. आमच्या स्टोअरमध्ये एखाद्या पंपाचं सील असं एकुलतं एक असलं तर पर्चेसवाल्याला आधी विचारलं जायचं की बाबा रे उद्या हे कुठून आणणार, आणि उत्तर नसेल तर तो पंपच घेतला जायचा नाही. घरी मशीन घेताना हाच प्रश्न दुकानदाराला विचारा. बघा कसा चेहरा होतो.

आता कुणी म्हणेल की गोव्यात सील मिळत नाही असं कसं, खाणींमुळे डिचोली, साखळी, कुडचड्याकडे ट्रक आणि मशिनरीच्या ओ-रिंगची दुकानं आहेत, वास्कोला बार्ज आणि ट्रॉलरचं काम असतं. बरोबर आहे. 2012 साली खाणी थांबल्या, 2018 साली परत थांबल्या, तरी ज्यांनी दुकान टिकवलं ते लोक डोळ्यांनी बघून माप सांगतात, व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं अवजार) नंतर लावतात. पण त्यांच्याकडे असतं ते बहुतेक नायट्राइल रबर. ते ऑइलसाठी छान, पण सतत उकळत्या पाण्यात आणि वाफेत लवकर कडक होतं. गरम पाण्याला ईपीडीएम नावाचं रबर लागतं नाहीतर सिलिकॉन, आणि तोंडात जाणाऱ्या पाण्याचं काम असल्यामुळे फूड ग्रेडच लागतं, पुडीवर तसं लिहिलेलं असावं, काही पुड्यांवर अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याचा एफडीए 177.2600 असा नंबर असतो तो त्याचाच. व्हायटॉन रबर महाग असतं म्हणून चांगलंच असणार असं धरून ते पण घेऊ नका, साधं व्हायटॉन वाफेला टिकत नाही. माप जुळलं म्हणजे काम झालं असं नाही, एवढं लक्षात घ्या, काळं कडं सगळं दिसायला सारखंच असतं.

आणखी एक, माप जुन्या ओ-रिंगवरनं घेऊ नका. ती चपटी झालेली असते, ताणलेली असते. ती जिथं बसते ती खाच मोजा.

आता ग्रीसचं सांगते, वायसर सरकत नाही म्हणून लोक व्हॅसलीन लावतात. ईपीडीएमला पेट्रोलियमचं काहीही चालत नाही, ते फुगतं आणि मऊ पडतं, महिन्यात वाट लागते. खोबरेल तेल लावणारे पण आहेत आपल्याकडे, ते तापून चिकट होतं आणि खवट वास कॉफीला लागतो. लिव्हरच्या (हातानं दांडा ओढून दाब द्यायच्या) मशीनचा पिस्टन, वाफेच्या नळीचा फिरता सांधा, पाण्याच्या टाकीची ओ-रिंग अशा हलणाऱ्या ठिकाणी फूड ग्रेड सिलिकॉन ग्रीस, ते पण बोटाला लागेल न लागेल एवढंच. मुख्य वायसरला काहीच लावायचं नाही, कोरडं बसवा. आणि फेविक्विक, सिलिकॉन सीलंट वगैरे लावून गळती बंद केलेलं मशीन माझ्याकडे आणू नका, हात जोडते.

मशीनच्या खाली पाणी साचत असेल तर ते या वायसरचं काम नसतं बहुतेक वेळा. टाकी उचला, तिच्या बुडाला छोटा व्हॉल्व्ह असतो, त्याची ओ-रिंग बघा. तीच हवा खायला लागली की पंप पण खरखर आवाज करतो आणि लोकांना वाटतं पंप गेला. वाफेची नळी बंद असताना ठिबकत असेल तर कॉकच्या आतलं सील किंवा पॅकिंग. लिव्हरच्या मशीनला पिस्टनवर ओठ असलेली सील असतात, त्या ओठांची दिशा महत्त्वाची, उलटी बसली तर दाबच धरत नाहीत, म्हणून काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. प्रत्येक वेळी. "लक्षात राहील" म्हणणाऱ्यांच्या लक्षात राहत नसतं.

मोका पॉटवाल्यांना पण हे सगळं लागू. तो गॅसवर ठेवायचा कॉफीचा साधा ॲल्युमिनियमचा पॉट 1933 सालापासून आहे, त्याच्या मधल्या जाळीभोवतीची रिंग कपांच्या हिशोबानं मिळते, तीन कपाची वेगळी, सहा कपाची वेगळी, स्टीलच्या पॉटची आणखी वेगळी. पाणी खालच्या व्हॉल्व्हच्या वर भरायचं नाही आणि तो व्हॉल्व्ह अडकलेला नाही ना ते बघायचं. बस.

वायसर जास्त टिकावं म्हणून काय करायचं असं विचारतात. मशीन बंद केल्यावर हँडल घट्ट आवळून ठेवू नका, सैल अडकवा किंवा काढूनच ठेवा, दाबून ठेवलेलं गरम रबर त्याच आकारात गार होतं. कॉफी झाली की चोथा लगेच झाडा. आपल्याकडे जून-जुलैत चोथा तसाच ठेवला तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी धरते हे सांगायला नको, आणि तो वर वायसरला चिकटलेला असतो. कॉफीनंतर हँडल काढून जरा पाणी सोडून ब्रश फिरवा. बटण बंद केल्यावर ज्या मशीनमधून फुस्सकन पाणी मागे ट्रेमध्ये पडतं त्याला तीन तोंडांचा व्हॉल्व्ह असतो, अशाच मशीनमध्ये बिनभोकाचं बास्केट लावून मशीन धुवायच्या पावडरनं उलटं धुता येतं. ज्यात तसं होत नाही त्यात हा प्रयोग करू नका, दाब अडकून राहतो आणि हँडल सोडताना गरम पाणी अंगावर येतं.

पाण्याचं म्हणाल तर या बाबतीत आपण नशीबवान. घाटावरच्या पाण्यात क्षार जास्त, तिकडे बॉयलरमध्ये पांढरा थर बसतो, आपल्या जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी तसं मऊ. पण किनाऱ्याजवळच्या काही विहिरी-बोअरचं पाणी मचूळ लागतं ते मशीनमध्ये कधी घालू नका, खारेपणा धातूच खातो, मग रबर काय करणार. नळाचं पाणी गाळून घातलं तरी पुष्कळ. क्षार काढायला व्हिनेगर घालणारे लोक मॅन्युअल वाचत नाहीत, त्यात बऱ्याच कंपन्यांनी नको म्हणूनच लिहिलेलं असतं.

आता मूळ तक्रारीकडे येते. त्या शेजारच्या मुलाच्या मशीनसाठी मी एका सर्व्हिस सेंटरला फोन केला. तिकडची मुलगी गोड बोलत होती, तिचा दोष नाही. "मॅडम, ते रबर सेपरेट येत नाही, पूर्ण ग्रुप असेंब्ली चेंज करावी लागते, मशीन मुंबईला पाठवायला लागेल, जाण्या-येण्याचा खर्च तुमचा." म्हटलं बाई, माप तरी सांग. तर माप "सिस्टीममध्ये नाही". असेंब्लीची किंमत ऐकून तो मुलगा नवीन मशीनच बघायला लागला मोबाईलवर. मी व्हर्नियर घेतला, खाच मोजली, ऑनलाइन सिलिकॉनचं मागवलं, काहीशे रुपयांत काम झालं, मशीन आजही चालू आहे. त्याआधी मार्केटात पण फिरले होते. एका दुकानात जुनं वायसर दाखवलं तर दुकानदारानं उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "बाय, हें कुकराचें न्हय." तेवढं तर मला पण माहीत होतं.

ज्याच्या घरी व्हर्नियर नाही, माझ्यासारखी रिकामटेकडी काकी शेजारी नाही, त्यानं काय करायचं? तो मशीन टाकणारच. आणि मग आपण साळगावच्या कचरा प्रकल्पावर भार पडतो म्हणून सभा घेणार.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानं 2022 साली राइट टू रिपेअरसाठी, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी, समिती नेमली, नंतर पोर्टल पण काढलं. शेतीची अवजारं, मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, गाड्या अशी चार क्षेत्रं त्यात घेतलीत. कंपन्यांनी मॅन्युअल, स्पेअर पार्ट आणि सर्व्हिसची माहिती एका जागी द्यावी हा हेतू. हेतू उत्तम. पण पोर्टलवर फोन नंबर आणि वॉरंटीची माहिती मिळणं वेगळं आणि फोंड्याच्या दुकानात वायसर मिळणं वेगळं. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले त्यात कंपन्यांवर जबाबदारी आहे ती मुख्यतः मशीन मेल्यानंतरची, रिसायकल करायची. ते मरायच्या आधी एवढंसं रबर द्या म्हणावं, रिसायकलची वेळच उशिरा येईल. ज्यांना असंच "सेपरेट येत नाही" ऐकवलं जातं त्यांनी ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करून तक्रार नोंदवावी, मी नोंदवली आहे, बघू काय होतं.

तुमच्या पेपरामार्फत दोघा-तिघांना सांगायचं आहे. मशीन विकणाऱ्यांनी वॉरंटी कार्डाच्या मागे तीन आकडे छापावेत, वायसरचं बाहेरचं माप, आतलं माप, जाडी, आणि रबर कसलं ते. शाई किती लागणार त्याला. खोक्यात एक जास्तीचं वायसर टाकलं तर देवच पावला, पण तेवढी अपेक्षा मी करत नाही. फर्मागुडीच्या आयटीआयवाल्यांनी मुलांना मिक्सर-पंख्याबरोबर हे मशीन पण उघडून दाखवावं, कॅफे वाढतायत, चोर्ला घाट चढून पलीकडे कर्नाटकात कॉफी पिकते आणि इकडे ती गाळणारी मशिनं दुरुस्त करायला माणूस नाही म्हणजे काय. एवढ्या कॅफेंची मशिनं बिघडल्यावर बाहेरून मेकॅनिक येतो, त्याचा प्रवासखर्च ऐकलात तर आपल्या मुलांनी हे शिकायला हवं हे पटेल.

आणि मार्केटातल्या कुकरच्या रिंगा विकणाऱ्या दुकानदारांना, कुकरच्या शेजारी एक दोरा आणखी लटकवा. ई-61 ग्रुपचं 8 आणि साडेआठ मिलिमीटर जाडीचं, 51 च्या बास्केटवाल्या मशीनचं, 54 वाल्याचं, मोका पॉटचं तीन आणि सहा कपाचं, एवढं ठेवलं तरी सुरुवात होते. पुडीतच ठेवा, उन्हात लटकवू नका, पुडीवर आल्याची तारीख टाका आणि जुना माल आधी विका. खपणार नाही अशी भीती असेल तर पहिली दोन मी घेते, उधारी नाही, रोख.

आपली,
एक वाचक, फोंडा